सुकाणूच्या खोलीतला अर्ज

"आई, तुला फारसी बोलता येतं ना?"

क्षितिजचा फोन आला तेव्हा सकाळचे सव्वादहा झाले होते आणि सुलेखाताई सिंगापूरच्या बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. मुलगा कामावरून असा मध्येच कधी फोन करत नसे. आणि फारसीबद्दल तर त्याने जन्मात एक अक्षर विचारलं नव्हतं.

"वाचता येतं," त्या म्हणाल्या. "बोलायची वेळ कधी आली नाही."

"आता आलीये. मी एक रेकॉर्डिंग पाठवतोय. ऐक आणि लगेच सांग, हा माणूस जहाज पेटवायची धमकी देतोय की नाही."

एवढं बोलून त्याने फोन ठेवलासुद्धा.

सुलेखाताईंची फारसी ही पुण्याची फारसी. मराठ्यांच्या इतिहासाचे कागद वाचता यावेत म्हणून कॉलेजात असताना त्यांनी ती धरली आणि पुढे तीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या दप्तरखान्यात बसून अठराव्या शतकातले हुकूम, तहनामे आणि दरबारी बातमीपत्रं वाचण्यात घालवली. पण जीव जडला होता तो वेगळ्याच ठिकाणी. मध्ययुगातले काही फारसी कवी सुलतानाची मर्जी फिरल्यामुळे वर्षानुवर्षं किल्ल्यांत कोंडले गेले होते आणि तिथून त्यांनी कविता लिहिल्या होत्या. त्यांना हब्सियात म्हणतात. हब्स म्हणजे कैद. सुलेखाताईंनी या कवितांवर पीएच.डी.ला नाव नोंदवलं, चार प्रकरणं लिहिली. मग क्षितिज झाला, सासूबाई अंथरुणाला खिळल्या, मार्गदर्शक निवर्तले, आणि पाचवं प्रकरण राहिलं ते राहिलंच. "काय म्हणतायत तुमचे कैदी?" असं यजमान अधूनमधून चेष्टेने विचारायचे. ते गेल्यावर मुलाने आईला सिंगापूरला आणलं. इथे या विद्येचा उपयोग शून्य. नात इराने एकदा त्यांना उजवीकडून डावीकडे लिहिताना पाहिलं आणि ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, why you write backwards one?" त्यावर घरभर हसणं झालं होतं. सुलेखाताईही हसल्या होत्या.

त्यांनी हात पुसले, चष्मा लावला आणि रेकॉर्डिंग ऐकलं.

कुठल्यातरी लोखंडी खोलीतून घुमत येणारा पुरुषाचा घोगरा आवाज. पहिल्यांदा ऐकताना त्यांना काही म्हणता काही कळेना. दुसऱ्यांदा त्यांचं बोट आपोआप ओट्यावर ताल धरू लागलं. तो बोलत नव्हता, म्हणत होता. उच्चार परके होते, पण वृत्त ओळखीचं होतं. जिंदान म्हणजे तुरुंग, हा शब्द आला. मग आह. मग आतश, म्हणजे आग. कैद्याचे पाय थंड बेडीत आहेत आणि त्याच्या उसाशाची आग झाली आहे, अशा अर्थाच्या त्या ओळी होत्या. सुलेखाताईंच्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत ही कविता दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी ऐकली नव्हती.

पण कविता संपल्यावर तो माणूस साधं बोलला. तीन-चार वाक्यं, भराभर. त्यात पुन्हा एकदा आतश आलं, आणि त्या वाक्यांतलं बाकी काही त्यांना कळलं नाही. नऊशे वर्षांपूर्वीचं समजत होतं, आजचं समजत नव्हतं.

त्यांनी क्षितिजला हे जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे धमकी आहे की नाही?"

"कविता धमकी नाही. पुढचं मला माहीत नाही."

पलीकडे तो कुणाशी तरी इंग्रजीत बोलला. मग म्हणाला, "आई, मरीना साउथ पिअरला येतेस? बिशानहून एकच गाडी आहे, बदलायला लागत नाही. पासपोर्ट आणि इथे राहायचा पास घेऊन ये. तुझ्या परवानगीचं मी बघतो. आणि साडी नको."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मेथी तशीच ओट्यावर राहिली.

क्षितिज एका लहानशा कंपनीत होता. मालकाविरुद्ध कोर्टात दावा लागला की जहाज जप्त होतं आणि निकाल लागेपर्यंत बंदराबाहेर नांगरून राहतं. अशा जहाजांची देखभाल या कंपनीकडे असे. लाँच सुटल्यावर वाऱ्यात मोठ्याने बोलत त्याने आईला सगळं सांगितलं. लहान तेलवाहू जहाज. सात महिन्यांपासून जप्त. मालक परागंदा. खलाशी एकेक करून घरी गेले, पण कायद्याप्रमाणे जहाजावर एक कॅप्टन आणि एक इंजिनिअर तरी लागतोच, आणि तो इंजिनिअर म्हणजे फरामर्ज. इराणच्या किनाऱ्यावरचा, एक्केचाळीस वर्षांचा. जहाजावर चढल्याला त्याला चौदा महिने झाले होते. बदली माणूस येणार असं त्याला चार वेळा सांगितलं गेलं आणि चारही वेळा कुणी आलं नाही.

"तीन आठवड्यांपूर्वी त्याचे वडील वारले," क्षितिज म्हणाला. "तेव्हापासून तो इंग्रजी बोलायचा बंद झाला. काल दुपारपासून सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत आतून दार लावून बसलाय. तिथे तेल आहे, आई. आणि जहाजाच्या टाक्या रिकाम्या आहेत. रिकाम्या टाकीतला वायू भरलेल्या तेलापेक्षा वाईट."

"दुभाषा नाही मिळाला?"

"उद्या मिळेल. कॅप्टन दोन वाजेपर्यंत थांबायला तयार आहे. मग तो पोलीस कोस्ट गार्डला बोलावणार. त्याचंही बरोबर आहे. पण एकदा दार कापायला घेतलं की ठिणग्या उडणार."

सुलेखाताईंनी पुढे काही विचारलं नाही. समोर गंजलेलं, काळपट जहाज हळूहळू मोठं होत होतं.

त्या शिडी चढू लागल्या. खाली लाटांवर लाँच वरखाली होत होती, मागे क्षितिज होता, आणि वरून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस हात पुढे करून म्हणत होता, "नीचे मत देखिए, ऑन्टी. बस मेरी तरफ देखिए." हा कॅप्टन चंद्रशेखर, मूळ चेन्नईचा. त्याचा हात घामाने ओला होता. डेकवर पाण्याचे होजपाइप भरून तयार ठेवलेले त्यांना दिसले.

जहाजाच्या पार मागच्या टोकाला, दोन जिने खाली, ते दार होतं. जाड पोलादी, कडांना रबर, फटीचं नाव नाही. हवा भट्टीसारखी. तेलाचा वास येत होता. कॅप्टनने दारावर तीनदा ठोकलं आणि तो बाजूला झाला.

सुलेखाताईंनी घसा खाकरला. काय म्हणावं? त्यांना येत होतं ते फक्त लिखाणातलं. त्यांनी त्याच फारसीत सुरुवात केली: आपल्या कुशल प्रकृतीचं वर्तमान जाणून घेण्याच्या इच्छेने ही दुबळी आपल्या दाराशी हजर झाली आहे.

आतून कसलासा आवाज. त्यांना वाटलं तो रडतोय. तो हसत होता.

"कोण आहे?" तो म्हणाला, आणि सुदैवाने एवढं त्यांना कळलं. "कुठल्या बादशहाने पाठवलंय?"

"मी हिंदुस्थानातून आले आहे. हळू बोला. मला पुस्तकातलं कळतं, तोंडचं कळत नाही."

"रेकॉर्ड लावलीये का त्यांनी?"

"नाही. मी बाई आहे. म्हातारी आहे. तुम्ही म्हणत होता ती कविता मला येते." आणि त्यांनी ती म्हणून दाखवली. तिसऱ्या ओळीला आतून तोही सामील झाला आणि चौथीला अडखळला, कारण दोघांचे शब्द वेगळे निघाले.

"तिथे 'साखळी' आहे," सुलेखाताई म्हणाल्या. "तुम्ही 'रात्र' म्हणालात."

"रात्रच आहे. शाळेत पाठ केलीये मी."

"जुन्या पोथ्यांत साखळी आहे. मी पाहिल्यात."

"खानूम, बाईसाहेब, ही माझी भाषा आहे!"

"असेल. पोथी पोथी असते."

मागे कॅप्टन कासावीस झाला होता. "काय म्हणतोय? काय म्हणतोय तो?" क्षितिजने आईकडे असं पाहिलं की जणू त्याची आई कुणीतरी बदलून ठेवली होती. पण दाराआडचा माणूस बोलू लागला होता. त्या जिंदान म्हणत, तो झेंदान म्हणे. चार वाक्यांतलं एक हाती लागे. वडिलांचं त्यांना कळलं. शेवटचं तोंड पाहायला मिळालं नाही, हे कळलं. बदली येणार, बदली येणार, हेही. मग तो पुन्हा भराभर काही बोलला आणि त्यात परत तो शब्द आला.

सुलेखाताईंनी दारावर तळहात टेकला. पोलाद तापलेलं होतं.

"फरामर्जसाहेब, मला एक सांगा. आतश म्हणजे कुठली? कवितेतली की हातातली?"

कुठेतरी पंप घरघरत होता.

"दोन्ही," तो म्हणाला.

"काय म्हणाला?" कॅप्टनने विचारलं.

सुलेखाताईंनी मागे वळून पाहिलं. क्षितिज दारापासून दोन हातांवर उभा होता. खरं सांगितलं तर कॅप्टन त्याच क्षणी वर जाऊन पोलिसांना बोलावणार, जिन्यावर बूट वाजणार, आणि आतला माणूस ते ऐकणार. खोटं सांगितलं आणि त्याने खरंच पेटवलं, तर आपला मुलगा इथे उभा आहे.

"कवितेबद्दलच बोलतोय," त्या म्हणाल्या. मग मराठीत, आवाज न बदलता, "क्षितिज, मला वरून पाणी आणून दे. जा. तूच जा."

तो गेला. मुलगा निदान दोन जिने वर गेला, एवढा एकच विचार त्यांच्या डोक्यात होता. कॅप्टन मात्र जागचा हलला नाही, आणि त्याला काही सांगायची हिंमत त्यांना झाली नाही.

मग त्यांनी चूक केली. धीर द्यावा म्हणून त्या म्हणाल्या, की तो कवीसुद्धा शेवटी सुटला होता.

"किती वर्षांनी?"

त्यांना खोटं बोलायला हवं होतं. पण या बाबतीत त्यांची जीभ खोटं बोलायला शिकलीच नव्हती. "दहाहून जास्त," त्या म्हणाल्या.

आतून काहीतरी जड वस्तू दारावर येऊन आदळली. कॅप्टन चटकन मागे सरला. फरामर्ज ओरडत होता आणि ते ओरडणं कुठल्याही भाषेत कळलं असतं. एका डब्याचं झाकण घसटत उघडल्याचा आवाज आला. तेलाचा वास अचानक दाट झाला, की तसा भास झाला, हे सुलेखाताईंना नंतरही कधी सांगता आलं नाही. तिथून जावं असं वाटत असूनही त्या गेल्या नाहीत.

आणि त्या बोलत राहिल्या. आपण काय बोलतोय याचा विचार न करता, राहून गेलेल्या पाचव्या प्रकरणाचा मजकूर त्या बोलत राहिल्या, कारण तेवढाच त्यांच्याजवळ होता.

"लोक म्हणतात तो रडला. सगळे म्हणतात. मी तीस वर्षं वाचलंय, तो नुसता रडत नव्हता! प्रत्येक कवितेचा शेवट बघा. शेवटी कुणाचं तरी नाव आहे. वजिराचं, सुलतानाचं, एखाद्या सरदाराचं. तो मागतोय. माझा गुन्हा काय ते सांगा म्हणतोय. मला सोडा म्हणतोय. ते अर्ज आहेत, फरामर्जसाहेब. अर्जदाश्त! विलाप आहे तो अर्ज वाचला जावा म्हणून. एका वजिराने नाही ऐकलं तर दुसऱ्याला, दुसरा मेला तर तिसऱ्याला. लिहीतच राहिला. तुमचा अर्ज कुठाय?"

आतला आवाज थांबला.

"कुठला अर्ज?"

"तुम्हाला सोडावं असा. कुणाला लिहिलात?"

"कॅप्टनला दहादा सांगितलं. मालकाच्या ऑफिसला मेल केले."

"मालक पळून गेलाय. जहाज कोर्टाचं आहे. कोर्टाला लिहिलंत?"

सुलेखाताईंनी वळून हिंदीत कॅप्टनला तेच विचारलं. चंद्रशेखर गोंधळला. त्याने कंपनीला कळवलं होतं, कंपनीने वकिलाला. पुढे काय झालं ते कुणाला ठाऊक नव्हतं. या माणसाच्या स्वतःच्या शब्दांत लिहिलेला एकही कागद कोर्टापुढे नव्हता.

पाण्याची बाटली घेऊन क्षितिज परत आला तेव्हा आई जमिनीवर मांडी घालून बसली होती. कॅप्टनच्या क्लिपबोर्डवरची तपासणीची यादी उलटी करून ती कोऱ्या बाजूवर उजवीकडून डावीकडे लिहीत होती, आणि दाराआडून तो माणूस तिला मजकूर सांगत होता.

सांगता सांगता तो अडे, शिवी देई, मागचं वाक्य खोडायला लावे. सुलेखाताई मोठ्याने वाचून दाखवत. त्यांनी जुन्या रिवाजाप्रमाणे सुरुवातीला न्यायाधीशाच्या ऐश्वर्याच्या चिरंतनतेची प्रार्थना घातली, ती त्याने काढून टाकायला लावली. "आज असं कोणी लिहीत नाही, खानूम. नाव लिहा, तारीख लिहा." तारीख म्हणजे दोघांच्याही फारसीत तारीखच, तिथे दोघांचं एकमत झालं. वडिलांचं नाव त्याने दोनदा उच्चारून सांगितलं. शेवटच्या परिच्छेदात त्याने स्वतःहून एक वाक्य घातलं: मी आज या खोलीत आग लावण्याची तयारी केली होती, हे मी लपवत नाही.

सुलेखाताईंचा हात थांबला. "हे लिहू?"

"लिहा. खरं आहे."

त्यांनी लिहिलं.

सगळं पुन्हा एकदा वाचून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आता दस्तखत."

"काय?"

"दस्तखत. सही. खाली नाव."

"ओह, एमझा," तो म्हणाला. सहीला आजच्या फारसीत हाच शब्द होता.

दाराला फट नव्हती. कागद आत सरकवायला जागाच नव्हती. सही करायची तर दार उघडावं लागणार, हे दोघांच्याही एकाच वेळी लक्षात आलं असावं. सुलेखाताईंनी हा डाव म्हणून आखला नव्हता. पुढे कुणी तसं कौतुकाने म्हणालं की त्या चिडत. त्या वेळी त्यांना फक्त आपल्या बावळटपणाचा राग आला होता.

"तुमच्या सहीशिवाय हा कागद कोर्टात चालणार नाही," त्या म्हणाल्या. "मी एकटीच दाराशी राहते. बाकीच्यांना मागे जायला सांगते."

कॅप्टनने मान हलवली, नाही नाही म्हणून. क्षितिजने आईचा दंड धरला. तो त्यांनी सोडवून घेतला. "जिन्यापर्यंत मागे व्हा दोघं," त्या म्हणाल्या, आणि कशी कोण जाणे, ती दोन मोठी माणसं मागे झाली.

दाराच्या कड्या एकेक करून फिरल्या. सहा होत्या. दर कडीनंतर तो थांबे. सहाव्या कडीला इतका वेळ लागला की सुलेखाताईंनी मनात एक ते वीस आकडे मोजले आणि पुन्हा एकपासून सुरू केले.

दार वीतभर उघडलं. आतली ऊब आणि वास अंगावर आला. ओठ फुटलेला, दाढी वाढलेला, उघड्या अंगाचा एक माणूस समोर होता. त्याच्या पायाशी तेलात भिजलेल्या चिंध्यांचा ढीग होता आणि डाव्या हातात लायटर. उजवा हात त्याने पुढे केला. सुलेखाताईंनी पेन दिलं, बोर्ड धरला. एकाच हाताने केलेली सही वेडीवाकडी आली. ओळीवरून नजर फिरवत तो पुटपुटला, "दोन चुका आहेत."

"दुरुस्त करा."

त्याने लायटर दाराच्या कडेवर ठेवला, कारण बोर्ड धरायला दुसरा हात लागत होता. दोन्ही शब्द खोडून नीट लिहिले. तोवर क्षितिज येऊन पोचला होता आणि त्याने लायटर उचलला होता. फरामर्जने ते पाहिलं. तो दाराच्या उंबऱ्यावरच बसला आणि त्याने पाणी मागितलं, चौदा महिन्यांच्या सवयीने, इंग्रजीत.

पोलीस आलेच. कॅप्टनने त्यांना कळवलं आणि ते योग्यच होतं. फरामर्जला आधी हॉस्पिटलात नेलं, मग दोन दिवस जबाब झाले. अर्जाचं इंग्रजी भाषांतर सुलेखाताई आणि दुसऱ्या दिवशी आलेला तो दुभाषा, दोघांनी मिळून केलं. आगीचं वाक्य वगळावं असं वकिलाचं मत पडलं, पण फरामर्जने ऐकलं नाही. कदाचित त्या वाक्यामुळेच कागद पुढे सरकला असेल, कदाचित त्याच्यामुळेच थोडा अडलाही असेल. सोळाव्या दिवशी कोर्टाने बदली इंजिनिअर नेमायचा आदेश दिला. पोलिसांनी ताकीद देऊन प्रकरण मिटवलं. तो मायदेशी गेला त्या दिवशी सुलेखाताईंना विमानतळावर जाता आलं नाही. इराला ताप होता.

घरात मात्र बरेच दिवस काहीतरी बिनसलेलं होतं. क्षितिज आईशी मोजकंच बोलत होता. शेवटी एका रविवारी बिशानच्या पार्कमध्ये चालताना त्याने विषय काढला.

"भाषांतर वाचलं मी. तो तुला आधीच म्हणाला होता ना, खरंच पेटवणार म्हणून? कॅप्टनने विचारलं तेव्हा?"

"हो."

"आणि तू मला पाणी आणायला पाठवलंस."

"हो."

"कॅप्टनला काही सांगितलं नाहीस. तो तिथेच उभा होता. त्यालाही दोन मुलं आहेत, आई."

सुलेखाताई काही पावलं चालल्या. हा प्रश्न त्यांनी स्वतःला रोज विचारला होता आणि उत्तर रोज तेच येत होतं.

"सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "माझं चुकलं. चंद्रशेखरना मी ते सांगितलंय, परवाच. फोनवर."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, कळलं असतं तर मी दार तोडलं असतं, ऑन्टी."

क्षितिजने मान हलवली. त्याला आईचा राग आला होता आणि तो एका दिवसात जाणारा नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. तरी त्याने चालण्याचा वेग कमी केला, कारण आईला दम लागला होता. मग तळ्याच्या कडेने जाताना त्याने विचारलं, की परतताना लाँचवर आईने सांगितलं होतं ते चौथ्या ओळीतलं, साखळी की रात्र, ते नक्की काय होतं. आणि सुलेखाताई त्याला पोथ्यांमधला फरक सांगू लागल्या.